ढिली मॅट

सत्तरच्या दशकात आमच्या नाशकात क्रिकेट मॅटवर चालायचं. मुरमाच्या पट्टीवर काथ्याची मॅट अंथरायची, कडेनं खिळे ठोकायचे की झालं मैदान तयार. मॅट ताणून बसवली तर चेंडू सरळ येतो, जरा ढिली ठेवली तर चांगला वळतो. मॅट घरच्या संघानं अंथरायची असा रिवाज होता, त्यामुळे माझा टप्पा पडायचा त्या टोकाचे चार खिळे कायम हलकेच ठोकलेले असत. फिरकीवाला म्हणून माझं नाव झालं ते या चार खिळ्यांच्या जिवावर. मी मात्र सगळं श्रेय माझ्या बोटांना द्यायचो.

मग राज्याच्या संघासाठी निवड निघाली. आमच्यातच दोन संघ पाडून सामना ठेवला आणि तो बघायला पुण्याहून एक निवृत्त खेळाडू आले. त्यांनी बूट काढून मॅटवर एक फेरी मारली, हातोडी मागवली आणि समोर उभं राहून सगळे खिळे ठोकून घेतले. त्यात माझे चारही आले.

सलामीला माझा दोस्त होता. देवळ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, नाशकात द्वारका चौकाजवळ खोली घेऊन राहायचा, रोज संध्याकाळी नेटमध्ये माझीच गोलंदाजी खेळायचा. त्याची निवड ठरल्यातच जमा होती. माझा चेंडू पडला आणि सरळ गेला. दोस्तानं रोजच्या सवयीनं वळणावर बॅट नेली आणि मधली यष्टी उडाली. आणखी चौघे तसेच गेले, कारण सगळेच मला ओळखत होते. पाहुण्यांनी पाठ थोपटली, सरळ चेंडू फार फसवा टाकतोस म्हणाले. खरं सांगायची ती वेळ होती. मी नुसती मान डोलावली.

पत्र मला आलं. त्याला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो काखेत खोकं घेऊन घरी आला. आत स्पाइक्सचे कोरे बूट. मॅटवर आम्ही कॅनव्हासचेच घालायचो, स्पाइक्स लागतात ते गवताच्या खेळपट्टीवर. म्हणजे त्यानं ते सामन्याआधीच घेऊन ठेवले होते.

"गवतावर पाय लय घसरतो," तो म्हणाला. "घे तू. मला आता त्यांचं काय काम नाय."

मला रडू फुटणार होतं, ते मी कसंबसं हसण्यावारी नेलं.

राज्याकडून पाच सामने खेळलो. चेंडू काही वळला नाही, ऐंशीच्या सुमारास नाव गळलं. बूट एक नंबर मोठे होते, पुढे कापूस कोंबून पाचही सामने तेच घातले. नवे घेणं मला जमलं असतं. पण त्याच्या जागी आपण खेळतोय, हे पायांना तरी ठाऊक असावं असं वाटायचं.