चौकटी तू ने, कागद माझे

जुन्या सामानाच्या धंद्यात माझा एक नियम आहे. जी वस्तू हवी तिच्याकडे घरात शिरल्यावर बघायचंच नाही. पलंगाला हात लावायचा, कपाटाची बिजागरी खडखडवायची, कुलरला नावं ठेवायची. आणि निघताना चपला घालता घालता म्हणायचं, बरं, तेही टाका त्यात. बुलढाण्यात हातगाडीवरून दुकानात मी या नियमावर आलो.

गेल्या वर्षी सर पुण्याला मुलाकडे कायमचे निघाले आणि त्यांनी सामान काढायला मला बोलावलं. ते कॉलेजात इतिहास शिकवायचे. मी सातवीच्या पुढे गेलो नाही, पण सगळे म्हणत म्हणून मीही सर म्हणायचो. त्यांच्या घरातली एकच गोष्ट मला हवी होती, दिवाणखान्यातल्या तीन चित्रांपैकी मधलं.

सरांचे वडील खामगावच्या कापसाच्या प्रेसमध्ये कारकून होते. तिथला इंग्रज मॅनेजर मायदेशी जाताना ही चित्रं त्यांना देऊन गेला. काळ्या शाईत छापलेली, बारीक रेघांची. येईल त्या पाहुण्याला सर ती समजावून सांगत. दोन-तीनशे वर्षांपूर्वी युरोपात परमुलखातल्या व्यापाराच्या नावावर कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअरचे कागद घ्यायला सरदारापासून मोलकरणीपर्यंत सगळे धावले, भाव चढले आणि कोसळले. मग चित्रकारांनी सगळ्यांची टर उडवली. मधल्या चित्रात एक गाडी होती. वरून एक बाई कागद उधळतेय, खाली टोप घातलेले लोक एकमेकांना तुडवत ते झेलताहेत, आणि कोपऱ्यात तीन दारं आहेत: दवाखान्याचं, वेड्यांच्या इस्पितळाचं, अनाथालयाचं.

त्याच चित्राखाली सोफ्यावर बसून त्याच्या अकरा वर्षं आधी सर मला म्हणाले होते, "लोणारला सरोवराजवळ प्लॉट पडताहेत. परदेशी लोक येणार, हॉटेलं होणार. मी दोन घेतलेत, तूही घे." घेतला. पुढे कळलं की त्या जमिनीवर बांधकामाला परवानगीच नाही. तोवर कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं होतं. कंपनीवर मी फार चिडलो नाही, ती माझ्या ओळखीची नव्हती. सर ओळखीचे होते. त्यांनी एकदा 'माझं चुकलं' म्हणावं एवढंच मला हवं होतं. त्यांनी कधीच म्हटलं नाही. तेव्हा निदान ते चित्र त्यांच्या भिंतीवरून आपल्या हाताने काढावं, असं मनात घेऊन मी गेलो.

पलंग, कपाटं, जेवणाचं टेबल, सगळ्याचं ठरलं. सर माझ्या प्रत्येक भावाला मान हलवत होते, त्यामुळे मला चैन पडेना. घासाघीस न करणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. शेवटी चपला घालत मी म्हणालो, "हे फोटो बी घेतो मंग. सागवान हाये, काच जुनी हाये. लाकडाचा न काचेचा भाव देतो."

"चालेल," सर म्हणाले. "चौकटी तू ने. कागद माझे. गुंडाळी करून पुण्याला नेतो."

माझ्याच नियमात मी सापडलो होतो. तसंच निघून जावं असं वाटलं, पण आलो होतो त्या चित्रासाठीच.

"कागदच पाहिजे मले," मी म्हणालो. "मधला."

"का रे? तुला काय करायचाय?"

"काऊन म्हंजे? त्याच्या खाली बसवून तुम्ही मले प्लॉट घ्यायला लावला. जगाले शिकवत होते न हे फोटो दाखवून. मले शिकवाले काय झालं होतं?"

आवाज चढला होता. टेबल उचलणारे दोघे हमाल थबकले. सर शांतपणे म्हणाले, "मी तुला सांगितलं. ओढत नेलं नाही. तू कुणाला सांगितलंस?"

मी धाड गावातल्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, सांगितलं होतं. नवरा गेल्यावर तिने जपून ठेवलेलं सगळं तिने माझ्या शब्दावर लावलं. पुढच्या दिवाळीला मी तिला दुकानातलं सगळ्यात चांगलं आरशाचं कपाट नेऊन दिलं. शब्दाने काही बोललो नाही.

आतून सरांच्या पत्नी, काकू, बाहेर आल्या. "अहो, मला रोज म्हणता, त्याला वाईट सल्ला दिला म्हणून. एकदा त्यालाच म्हणा की."

सर दुखऱ्या गुडघ्यांनी खुर्चीवर चढले, चित्र उतरवलं आणि माझ्या हातात दिलं. मी पैसे काढले तर म्हणाले, "राहू दे." फुकट मिळालेल्या वस्तूने इतका संताप मला कधी आला नव्हता. मला चित्र देऊन त्यांनी तोंड मिटून घेतलं होतं. आणि ही रीत मला चांगली ठाऊक होती.

ते चित्र दुकानात आहे. कधी गल्ल्यामागे टांगतो, कधी पंख्यांच्या ढिगाआड ठेवतो. गिऱ्हाईक भाव विचारतं, मी सांगत नाही. पुण्याहून सरांचा फोन आलेला नाही, आणि माझा राग गेलेला नाही.

धाडला मात्र मी दुसऱ्याच दिवशी एसटीने गेलो. हातात काही नेलं नाही. अक्का ओट्यावर तूर निवडत होती.

"रिकामाच आला बे?"

"अक्का, त्या प्लॉटचं माह्यं चुकलं."

ती सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "अकरा वर्सं लागले तुले हे बोलाले. न ते कपाट कोण मांगलं होतं? दार बंद होत नाही त्याचं. लोकाले विकतं तसंच बहिणीले देलं."

माझ्या मालाला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. तेव्हाही फिरलं. मी तसाच तिच्याजवळ बसून राहिलो, आणि तिला अजून काय काय बोलायचं होतं ते ऐकलं. बरंच होतं.