व्याह्यांचं नॅस्टी

आमच्या मुळशी तालुक्यात इंग्रजी बोलणारी माणसं आता ढिगानं झाली, पण एकाच इंग्रजी शब्दावर आमच्या व्याह्यांएवढी हुकमत गाजवणारा माणूस शोधून सापडायचा नाही. तो शब्द म्हणजे नॅस्टी. मी चौथीतून शाळा सोडलेला. मला इंग्रजी कळत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. पण माझी लेक ज्या घरात दिली तिथला कर्ता पुरुष इंग्रजी बोलतो, हे मी चारचौघांत मान वर करून सांगतो.

हा शब्द त्यांच्या घरी भाडेकरूंबरोबर आला. नांदे गावात जिथं त्यांचा भात व्हायचा तिथं आता खोल्या आहेत आणि खोल्यांत कंपनीत जाणाऱ्या पोरी. त्यातली एक पोरगी तुंबलेली मोरी बघून नाक दाबत ओरडली, "काका, हे किती नॅस्टी आहे!" व्याही मोरी विसरले. संध्याकाळी मला म्हणाले, "पाव्हणं, एवढी शिकल्याली पोरगी, पर राग आल्यावर आपलंच बोलली बगा. नसती! नसती कटकट, नसती ब्याद म्हणतो न्हाई का, तीच. सायबानं जाताना हितनं शब्द उचलला आन् वर जरा पीळ दिला."

"सायबाला शब्दांची काय कमी व्हती?" मी म्हटलं.

"मग एवढा जुळला कसा?"

मी हट्टी माणूस, हार मानत नाही. हा वाद आम्ही कैक वर्षं त्यांच्या ओसरीवर घातला. तोवर त्यांनी शब्द सगळीकडं फिरवून आणला. आंबलेलं वरण नॅस्टी, पौड रस्त्यावरचं ते वळण नॅस्टी, माझा खोकला तर लईच नॅस्टी. मात्र माणसाला कुणी तसं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. पोरी आपल्या कंपनीतल्या साहेबाला नॅस्टी म्हणाल्या, तर यांनी त्यांना जिन्यात अडवलं. "सायब खडूस असंल, कजाग असंल. पर माणसाला नसता म्हणू नये गं, बायांनो." पोरी हसत सुटल्या, पण त्यांच्यासमोर पुन्हा म्हणाल्या नाहीत.

मग विहीणबाईंच्या पायात शेजारच्या बांधकामावरचा गंजका खिळा गेला. अंगात साखर, त्यात त्यांनी हळद दाबली आणि कुणाला सांगितलंच नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "काका, जखम नॅस्टी आहे. बोट आजच काढू द्या, नाहीतर पाय जाईल. जीवही जाईल."

विहीणबाईंनी पडल्या पडल्या मान हलवली. "त्ये बोट न्हाई. जोडवं त्यात हाय माजं. मालक हितं बसल्यात आन् मी जोडवं उतरू व्हय?" माझी लेक रडली, जावई ओरडले. बाई ऐकेनात.

शेवटी व्याही पलंगाशी गेले आणि आपला नेहमीचा पाठ सुरू केला. "आगं, डाक्टर इंग्रजीत काय म्हनले? नसती. म्हंजी नको असल्याली. त्ये बोट नसतं झालंय, जाऊ दे. बोटाचं काय घिऊन बसलीस? ह्या घरात तू नसती तर..."

आणि तिथं अडले. शब्द सगळ्या बाजूंनी वापरलेल्या माणसाला ही एक बाजू ठाऊक नव्हती. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी तोंडाला लावली. विहीणबाईंनी ते बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "काडा काय काडायचं त्ये. आदी ह्यांना पानी पाजा."

पाय वाचला. घरी आल्यावर व्याह्यांनी जोडवं सोनाराकडून ढिलं करून आणलं आणि ओसरीवर, सगळ्या भाडेकरणींच्या देखत, खाली बसून शेजारच्या बोटात स्वतःच्या हातानं घातलं.

"अवो, पोरी बगत्यात!"

"बगू दे."

तेव्हापासून तो शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. ओसरीवर आम्ही दोघं बसतो, पण वादाशिवाय वेळ सरत नाही. मग मीच मुद्दाम खडा टाकतो, "व्याही, आज हवा नॅस्टी हाय." ते आधी वळून विहीणबाई कुठं आहेत ते बघतात आणि हळूच म्हणतात, "न्हाई पाव्हणं, चांगली हाय. बसा."