सिस्टरांची मोहरी आणि बिशपसाहेबांचं जेवण

"मॅडम, मोहरी टकली झालीय. उद्या बिशप येणार आहेत. आत्ताच्या आत्ता या." सिस्टर फ्लोरी फोनवर रडकुंडीला आल्या होत्या.

बोईसरच्या एमआयडीसीत कंपन्यांची लॉन आणि कुंड्या सांभाळायचा माझा धंदा. वाणगावला नर्सरी. थंडीच्या सुरुवातीला सिस्टरांच्या चर्चच्या आवारात बायबलमधल्या झाडांची बाग लावायचं काम घेतलं. अंजीर, डाळिंब, द्राक्षवेल, सगळं सुरळीत. घोडं अडलं मोहरीपाशी. येशूच्या एका बोधकथेत मोहरीच्या इवल्याशा दाण्याचं एवढं झाड होतं की पाखरं फांद्यांवर वस्तीला येतात. सिस्टरांना तेच हवं होतं, पाखरांसकट. मी सांगितलं, आपली मोहरी फार तर छातीएवढी होते. वर पाखरू बसलं तर दोघंही आडवी होतील. त्या म्हणाल्या, तुमची श्रद्धा कमी पडते. मी पडले हिंदू बाई, काय बोलणार? मुकाट दाणे टाकले. इकडे सिस्टरांनी बिशपसाहेबांना पाखरं बघायचं आमंत्रणच देऊन टाकलं.

जाऊन बघते तर वाफाभर नुसते दांडे. पानं, कोवळे शेंडे सगळं गायब. मी बकरीवर संशय घेतला. माझा मासवणचा माळी देवू म्हणाला, "बकरी एवढं नीट नाय खात, मॅडम. हाताने खुडलंय."

शेंडा खुडला की बगलेतून नव्या फांद्या फुटतात. आमच्या भाषेत पिंचिंग. झाड उलट भरगच्च होतं, पण एका रात्रीत नाही. सिस्टरांनी विचारलं, शेजारच्या कडुनिंबाला 'मोहरी' अशी पाटी लावता येईल का? मी म्हटलं, "सिस्टर, श्रद्धा ठेवा."

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली. बिशपसाहेब थेट वाफ्यापाशी आले. "सिस्टर, झाड कुठे आहे?"

सिस्टरांचा चेहरा बघवेना. मला खरंच वाईट वाटलं, चर्चमध्ये येणाऱ्या मुलांना त्या झाडाचं किती हौसेने सांगितलं होतं त्यांनी. तेवढ्यात सुनीता पुढे आली. तिचा नवरा इथल्याच कंपनीत कामाला, गाव बिहारमधलं. त्या दिवशीच्या जेवणाला प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा होता. तिच्या हातात भलंमोठं पातेलं, आत मोहरीची भाजी.

"हमने ही तोड़ा, फादर," ती बिशपसाहेबांना म्हणाली. "सरसों देखी तो रहा नहीं गया. लगा, अपने गाँव में खड़े हैं."

सिस्टरांनी एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"बिशपसाहेब," त्या सावकाश म्हणाल्या, "झाड व्हायचंय अजून. पाखरं आधी आली."

बिशपसाहेबांनी भाजी भाताबरोबर दोनदा मागून घेतली.

पुढे मोहरी चांगली फुटली, पिवळीधमक फुलली. सुनीता आता विचारून खुडते आणि सिस्टरांचा डबा भरून देते. मी मात्र शहाणी झाले. हल्ली कोटेशन देण्याआधी क्लायंटला एवढंच विचारते, बाग बघायची आहे की खायची?