पांढऱ्यातले चेहरे

भिशी लागली तेव्हा गल्लीला वाटलं, सुलाबाई आता फ्रीज घेणार. सुलाबाईंनी कॅमेरा घेतला.

शेजारच्या संजनाला हे कळलं ते ड्रेसचं माप द्यायला गेली तेव्हा. शिलाई मशीनच्या फळीवर, खडू आणि बॉबिनच्या डबीशेजारी, एक काळा खोका होता.

"हात पुसून उघड," सुलाबाई म्हणाल्या. "आणि आतलं पुस्तक वाचून दाखव. सगळं इंग्रजीत हाय."

संजनानं साहित्यात एम.ए. केलं होतं. कॅमेऱ्याचं पुस्तक वाचून दाखवायला तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"मावशी, पण कशाला घेतला?"

"पायलच्या लग्नाचे फोटो मी काढणार."

पायल म्हणजे सुलाबाईंच्या धाकट्या भावाची, काळूची मुलगी. घोटीच्या पुढं त्यांचं गाव. लग्नाला पाच आठवडे होते.

"आणि फोटोग्राफर?"

"नको म्हणून सांगितलं."

संजना पाटावर बसली. मग पुस्तक उघडलं.

सुलाबाई लग्न होऊन नाशिकरोडच्या या कॉलनीत आल्या, त्याला अडतीस वर्षं झाली. नवरा जाऊन अकरा. सकाळी त्या बसनं देवळाली कॅम्पात जात. तिथल्या टेलरच्या दुकानात सैनिकांच्या वर्द्या दुरुस्त करत. कुणाची कंबर ढिली करायची, कुणाला नवी फीत लागली ती बाहीवर चढवायची. संध्याकाळी घरी ब्लाउज आणि सदरे. कॉलनीतल्या निम्म्या नववधूंचे पांढरे ब्लाउज आणि निम्म्या नवरदेवांचे पांढरे सदरे त्यांच्याच सुईखालून गेले होते.

त्यांच्या भिंतीवर त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो होता. पांढरी साडी, पांढरा सदरा, झेंडूचे हार. सगळं स्पष्ट. फक्त दोन्ही चेहरे काळे. नाक नाही, डोळे नाहीत.

"यातली डावीकडची मी," सुलाबाई सांगत. "साडीवरून वळखायचं."

एवढं सांगून त्या हसत. पण त्यांच्याकडे नवऱ्याचा तरुणपणीचा दुसरा फोटो नव्हता, हे संजनाला ठाऊक होतं.

काळूच्या मुलाच्या लग्नाचा अल्बम मागच्या वर्षी आला. त्यात उलटं झालं. फोटोग्राफरनं संगणकावर सगळ्यांना गोरं केलं होतं. काळूच्या बायकोला तिच्याच भावानं विचारलं, "ही तुझ्या जागेवर कोण बसलीये?" सगळे पोट धरून हसले. पायल हसली नाही. ती म्हणाली, "आत्या, माझ्या लग्नात मी मला दिसले पाहिजे."

"मी हो म्हणाले," सुलाबाईंनी संजनाला सांगितलं. "आता दिसली पाहिजे."

रोज सहा ते सात ही शिकवणीची वेळ ठरली. संजना वाचायची, सुलाबाई करायच्या. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक गोल चकती होती. तिच्यावर अक्षरं आणि चित्रं.

"ही चकती वळखीची हाय," सुलाबाई म्हणाल्या. मशीनलाही टाका लहानमोठा करायची चकती असतेच.

पहिली खूण हिरवी. ऑटो.

"यात सगळं कॅमेराच ठरवतो," संजनानं वाचलं.

"मग मी कशाला?"

पुढं चित्रं. चेहरा, डोंगर, पळणारा माणूस, फूल. सुलाबाईंनी चारही करून पाहिली. समोरच्या सगुणाबाईंचा चेहरा काढला, त्यांच्याच कुंडीतलं फूल काढलं. पळणारा माणूस मिळेना. मग सगुणाबाईंच्या नातवाच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि त्याच्या मागं कुत्रा सोडला. फोटो उत्तम आला. सगुणाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

मग अक्षरं. पी, एस, ए, एम.

"पी म्हणजे प्रोग्रॅम. बरंचसं तोच ठरवतो, पण थोडं आपलं ऐकतो."

"बरा हाय. जावयासारखा."

एस म्हणजे शटरचा वेग. संजनानं परिच्छेद वाचला, मग परत वाचला. सुलाबाईंनी तोवर मशीन उजेडात, दारात ओढलं होतं. एका पायानं पायडल हाणत त्यांनी धावत्या सुईचा फोटो काढला. सुईच्या जागी नुसता धूर. आकडा वाढवला, परत काढला. धूर बारीक झाला. आणखी वाढवला. सुई हवेत थांबलेली. नेढ्यातल्या दोऱ्यासकट.

"कळलं," सुलाबाई म्हणाल्या. "पुढचं वाच."

संजना त्या सुईकडे बघत राहिली. अडतीस वर्षांत सुलाबाईंनीही ती सुई चालू मशीनवर कधी थांबलेली पाहिली नव्हती. पण त्या पुढच्या पानाची वाट बघत होत्या.

ए म्हणजे भिंगाचं भोक. याच्यावर तीन पानं होती. तिसऱ्या पानाला संजना गळाली. सुलाबाईंनी फळीवर सात बटणं एकामागं एक मांडली. आकडा लहान ठेवला, तर एकच बटण धारदार, बाकीची विरघळलेली. आकडा मोठा केला, तर सातही धारदार.

"आकडा लहान तर भोक मोठं. उलटं हाय. उलटं असलं की लक्षात राहतं."

एमवर दोन्ही आपणच ठरवायचं. ते संजनाला समजावून द्यावं लागलं, तेही सुलाबाईंनीच.

"टाका आणि ताण, संजे. एकाला हात लावला की दुसऱ्याकडं बघायचं. दोन्ही सोडून दिलं की कापड गोळा होतं."

तिसऱ्या आठवड्यात अर्धी कॉलनी फोटो काढून घ्यायला येऊ लागली. धम्मपालही आला. धम्मपाल कॉलनीतल्या लग्नांचे फोटो काढायचा. मागच्या वर्षीचा अल्बम त्याचाच.

"जय भीम, मावशी. ऐकलं ते खरं का?"

"जय भीम. खरं हाय."

"जपून हं. काज-बटण करू नका त्याला."

"तुझ्या सदऱ्याचं दुसरं बटण तुटलंय," सुलाबाई म्हणाल्या. "आधी ते बघ."

पौर्णिमेला विहारात वंदना होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत. लग्नाची रंगीत तालीमच, असं सुलाबाई म्हणाल्या. चकती एवर ठेवून त्यांनी साठेक फोटो काढले. रात्री जेवणाआधी ते संजनाच्या लॅपटॉपवर लावले.

पांढऱ्या साड्या आठवडाभर न धुतल्यासारख्या मळकट. आणि चेहरे काळे. पहिल्या फोटोत काळे, दहाव्यात काळे, साठाव्यातही काळे. त्यांनी ऑटोवर काढलेले चारपाच होते, तेही तसेच.

सुलाबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या, "माझंच लग्न परत."

लग्नाला नऊ दिवस होते. संजनाचा धीर सुटला.

"मावशी, धम्मपालला फोन करते. आपलं लग्न अर्ध्या तासाचं. हार पडायला दोन मिनिटं. चुकलं तर काय परत घालायला लावणार आहात?"

"त्यानं गोरी केली तर?"

"निदान दिसेल तरी."

"दिसेल. पण दुसरीच."

संजनानं फोन उचलला होता. सुलाबाईंनी तो तिच्या हातातून घेतला आणि शिवणाच्या डब्यात, बॉबिनांमध्ये ठेवला.

"उद्या दुपारी ये. उजेड असताना."

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या दोरीवर तीन कापडं होती. एक पांढरं पॉपलिन. एक कोटाच्या अस्तराचं काळं. आणि एक वर्दीचा उरलेला हिरवट तुकडा. सुलाबाईंनी एकेका कापडाजवळ जाऊन, कडेचं काही न दिसू देता, तिन्हींचे फोटो काढले. मग संजनाला पडद्यावर दाखवले.

पांढरं राखाडी झालं होतं. काळंही राखाडी झालं होतं. वर्दीचा तुकडा मात्र जसाच्या तसा.

सुलाबाईंनी तीनही फोटो परत परत पुढंमागं केले. मग त्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीवर एक थाप मारली.

"संजे, हा फौजी हाय."

"काय?"

"याला सगळं जग वर्दीच्या रंगाचं पाहिजे. पांढरं दिसलं की म्हणतो, उजेड लय झाला, आणि दाबतो. त्यात आपले चेहरे आधीच सावळे, ते पार बुडतात. काळं दिसलं की म्हणतो, अंधार पडला, आणि धुवून काढतो." त्या थांबल्या. "आमच्या लग्नातल्या माणसाचंही हेच झालं असणार. त्याला कुणी सांगितलंच नसणार, की हे पांढरंच हाय."

पुस्तकात इतकी पानं होती, पण हे वाक्य संजनाला कुठं भेटलं नव्हतं.

"आता याला सांगायचं कसं?" सुलाबाईंनी विचारलं.

संजनानं पुस्तक मागून पुढं चाळलं. मधेच एक पान होतं. त्यावर अधिक आणि उणे अशी खूण. हे पान तिनं पहिल्याच आठवड्यात उलटलं होतं. तिला ते गणित वाटलं होतं.

"मावशी, हे मी सोडलं होतं."

"वाच."

तिनं वाचलं. खुणेचं बटण दाबून चकरी अधिककडे नेली, की फोटो उजळ. उणेकडे नेली, की गडद. हिरव्या ऑटोवर हे बटण चालत नाही. पी, ए आणि एसवर चालतं.

"म्हणजे ऑटोला काही बोलायची सोयच नाय," सुलाबाई म्हणाल्या. "आणि तू शिकलेली, म्हणून पान सोडलंस. मला वाचता आलं असतं, तर मी एक ओळ सोडली नसती."

संजनाचे कान तापले. तिनं पान दुमडून खूण केली.

पांढऱ्या पॉपलिनवर एक अधिक केला. पांढरं पांढरं झालं. दोन केले, तर कापडाची वीण गेली, नुसता कागद. काळ्याला एक उणे, आणि काळं काळं झालं. मग आठ दिवस संजना पांढरी साडी नेसून अंगणात, उंबऱ्यात, विहाराच्या खिडकीशी उभी राहिली. शेवटी ठरलं. अधिक एक पूर्ण, वर एक काटा, म्हणजे पट्टीवरची एक बारीक रेघ.

लग्न गावच्या विहारात होतं. पन्नास माणसांची जागा आणि दीडशे माणसं. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या, शेजारी बाबासाहेबांची तसबीर. पायल आणि नवरदेव प्रफुल्ल पांढऱ्या कपड्यांत बसले होते. त्रिशरण, पंचशील सुरू झालं. सुलाबाई गुडघ्यावर बसून फोटो काढत होत्या. चकती एवर, अधिक एक आणि एक काटा. संजना मागं बॅग धरून उभी होती. सुलाबाईंचे खांदे सैल होते. त्या ब्लाउजला हुक लावत असाव्यात तशा बसल्या होत्या.

हारांची वेळ आली. पुढच्या तीन रांगा मोबाईल घेऊन उठल्या. भिंतच झाली.

"ए, बसा खाली!" सुलाबाई ओरडल्या. "पायलला तुमची टाळकी नकोत!"

विधी लावणारे भन्तेसुद्धा क्षणभर थांबले. रांगा बसल्या. सर्वांत आधी पाहुणा म्हणून आलेला धम्मपाल बसला.

सुलाबाईंचा अंगठा चकतीवर गेला. त्यांनी बघितलंही नाही. एस. पायलनं हात उचलले, हार गेला. प्रफुल्लनं हात उचलले, हार गेला. वरून पाकळ्या आल्या. झालं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

बाहेर आल्या आल्या सुलाबाईंनी भावाचा फोटो काढला. काळूनं काळा कोट घातला होता. अधिक तसंच राहिलं होतं.

"काळू, थांब. परत उभा राहा. तू गोरा झालास."

"राहू दे आक्का," काळू म्हणाला. "जन्मात एकदा झालोय."

त्यांनी तो फोटो पुसला आणि उणे करून दुसरा काढला. काळू हिरमुसला.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा पायल आली. "आत्या, दाखव."

हाराचा फोटो पडद्यावर आला. पायल सावळी होती, घोटीच्या उन्हातली तांबूस सावळी. हनुवटीवरचा तीळ होता. प्रफुल्लच्या कपाळावर घामाचा एक थेंब. साडी पांढरी, आणि पांढऱ्यात तिची वीण. एक पाकळी दोघांच्या मधोमध हवेत थांबलेली.

पायलनं कॅमेरा दोन्ही हातांत धरला. "मी आहे ही," ती म्हणाली. मग काळूच्या बायकोनं पाहिलं, मग काळूनं. कुणी हसलं नाही. धम्मपाल मागून वाकून बघत होता.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "अधिक किती ठेवलं होतं?"

"बटण शिवलंस का?"

"हो."

"मग उद्या ये. सांगते."

संजनाला भिंतीवरचा तो फोटो आठवला. सुलाबाईंना आठवला की नाही, कळलं नाही. त्यांनी कॅमेरा परत घेतला, फोटो मोठा केला, पायलच्या खांद्यापाशी नेला आणि डोळे बारीक केले.

"डाव्या बाहीला टाका सुटलाय. एक."

"आत्या, कुणाला दिसणारे?"

"आता सगळ्यांना दिसणार," सुलाबाई म्हणाल्या आणि पुढच्या पंगतीकडे वळल्या.