घाटात उभी राहिलेली गाडी

माझे वडील तुमसरच्या एका राइस मिलचा ट्रक चालवायचे. तांदूळ भरून रायपूर, विशाखापट्टणम, कधी थेट केरळपर्यंत. मी लहान असताना ते घरी पाहुण्यासारखे यायचे. झोपायचे, दाढी करायचे, आईने बांधून दिलेला डबा घ्यायचे आणि पुन्हा निघायचे. गाडी शेटची, माल शेटचा, पण रस्ता माझा, असं ते म्हणायचे.

मग शुगरने घात केला. डाव्या पायाला चप्पल घासली, फोड आला, तो त्यांना कळलाच नाही. नागपूरच्या दवाखान्यात नेलं तोवर जखम चिघळली होती. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. नकली पाय बसवला, पण क्लच दाबायला तो काही कामाचा नव्हता. जड वाहनाचं लायसन नव्याने काढायला ते गेलेच नाहीत. त्यानंतर दारासमोर खुर्ची टाकून ते बसायचे. रस्त्याने जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकून म्हणायचे, "याचं गिअर चुकून राहिलं." आई म्हणायची, "घरात बसून दुनियेच्या गाड्या चालवून राहिले हे." त्या बोलण्यावर ते चिडायचे, ताट सरकवून द्यायचे.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. तुमसरला कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्तीचं काम करते. गेम खेळायचा नाद मला नागपूरच्या होस्टेलवर लागला, तो सुटला नाही. एका दिवाळीला मी एक जुना कन्सोल, पेडलवालं स्टिअरिंग आणि ट्रक चालवायच्या एका गेमची डिस्क घरी आणली. टीव्हीसमोर स्टूल ठेवून स्टिअरिंग त्याला घट्ट बसवलं. क्लच मी स्टिअरिंगवरच्या एका बटनावर बसवून दिला.

बाबा आधी जवळच येईनात. "हे लेकरायचं खेळनं हाये. मले कायले?" म्हणाले. मी स्वतः चालवायला बसले आणि मुद्दाम ट्रक दुभाजकावर घातला. ते सहन होणं शक्यच नव्हतं.

"सरक. गाडी अशी चालवतेत का?"

त्यांनी आधी आरसे नीट केले. मग गाडीभोवती फिरून टायर पाहायची सोय आहे का, ते विचारलं. होती. चारी बाजूंनी टायर पाहून झाल्यावरच त्यांनी गिअर टाकला. गेममधला देश परका होता, डोंगरांवर बर्फ, गाड्या उजव्या बाजूने चालायच्या. पहिल्या वळणावर त्यांच्या कपाळाला घाम आला. संध्याकाळपर्यंत माल पोचला, आणि कितीतरी दिवसांनी त्या दिवशी ते आईला म्हणाले, "भूक लागली, वाढ."

पुढे त्यांनी कामं करून करून त्या गेमात स्वतःची गाडी घेतली. आयुष्यभर दुसऱ्याची चालवली, ही त्यांची पहिली. तिला मिलच्या जुन्या ट्रकसारखा निळा रंग दिला. त्यांचा एक जुना क्लीनर आंबागडला राहतो, आता धानाची शेती पाहतो. मी त्याला काका म्हणते. बाजाराच्या दिवशी तो तुमसरला आला की घरी यायचा आणि बाबांच्या बाजूला खाटेवर बसून टीव्हीतल्या रस्त्यावर नजर ठेवायचा.

"उस्ताद, मागून कार येऊन राहिली. जाऊ द्या तिले."

"पाह्यलं बे. मले आरसा नाई दिसत का?"

रस्त्याकडेचं हॉटेल आलं की, त्यांच्या भाषेत ढाबा, बाबा गाडी बाजूला लावायचे, हँडब्रेक ओढायचे आणि आईला हाक मारायचे, "चहा ठेव वं." त्या गेममध्ये जगभरातले लोक एकाच रस्त्यावर गाड्या चालवायचे. समोरून येणारा हॉर्न द्यायचा, बाबाही द्यायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण हॉर्नचं काही अडलं नाही. त्यांना सगळ्यात आवडायचा तो एका घाटाचा रस्ता. खाली दरी, वर ढग. चुकायला जागाच नाही अशी वळणं.

मग तो गेम बनवणारी छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. ती बातमी वाचून पुढे काय होणार ते मी ओळखलं, कारण असं विकल्यावर काय होतं ते मी दुसऱ्या गेमांत पाहिलं होतं. बाबांना मी काही सांगितलं नाही.

सुरुवातीला फक्त एक दुकान आलं. गेम उघडला की आधी दुकान, मग गाडी. नंतर एका अपडेटनंतर गाडी सुरूच होईना. पडद्यावर लिहून आलं, आजची ऊर्जा संपली, थांबा नाहीतर विकत घ्या.

"टाकी तं फुल हाये. काटा पाह्य ना," बाबा म्हणाले.

"बाबा, ते डिझेल वेगळं. ही ऊर्जा वेगळी आहे. ड्रायव्हरची."

"मी थकलो नाई. हे कोन ठरवून राहिले मी थकलो म्हून?"

पुढच्या अपडेटला घाटाच्या तोंडाशी सोनेरी कुलूप लागलं. तो रस्ता आता वेगळ्या पॅकमध्ये गेला होता. ज्या रस्त्यावर ते वर्षभर गाडी चालवत होते, तोच रस्ता त्यांना पुन्हा विकत घ्यायला सांगत होते. त्यांनी कामं करून मिळवलेला हॉर्नही गेला. तो म्हणे आता नशिबाच्या पेटीत निघेल. पेटी विकत घ्यायची, उघडायची, हॉर्न निघाला तर निघाला, नाहीतर स्टिकर. काकाने ती फिरणारी, चमचमणारी पेटी पाहिली आणि म्हणाला, "उस्ताद, हा तं सट्टा हाये." रस्त्यावरच्या ढाब्यांवर सट्ट्याने बरबाद झालेले ड्रायव्हर या दोघांनी पाहिले होते. बाबांनी एकही पेटी उघडली नाही. हॉर्नशिवाय गाडी चालवली. समोरून कोणी हॉर्न दिला की ते नुसता लाइट मारायचे.

मी चिडून खेळाडूंच्या फोरमवर लिहिलं. तिथे माझ्यासारखे पुष्कळ होते. कोणी पोलंडचा, कोणी केरळचा, एक ब्राझीलची बाई, तिचा आजारी भाऊ हाच गेम खेळायचा. आम्ही सगळ्यांनी मिळून एवढा आरडाओरडा केला की कंपनीला माफी मागावी लागली. आम्ही तुमचं ऐकतो आहोत, असं त्यांनी कळवलं. घाटाचं कुलूप काढलं. ऊर्जा, पेटी, दुकान सगळं तसंच ठेवलं. आणि आम्ही मूर्ख लोक जिंकल्याचा आनंद करत बसलो. मी पेढे आणले होते घरी. शुगरमुळे बाबांना अर्धाच दिला.

त्या आनंदात असतानाच नोटीस आली. गेमचा दुसरा भाग येतोय, म्हणून पहिल्याचे सर्व्हर, म्हणजे तो ज्यांच्यावर चालतो ते कंपनीचे कॉम्प्युटर, बंद करणार.

बाबांनी कपाटातून डिस्क काढली. "आपल्यापाशी तं हे हाये ना?"

"बाबा, एकट्याने खेळायचं म्हटलं तरी हा गेम आधी कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. तिकडून उत्तर आलं नाही तर सुरू होत नाही."

"मंग ह्या डिस्कीत काय हाये?"

मी कंपनीच्या मदत केंद्राला लिहिलं. आधी यंत्राची उत्तरं आली, तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे वगैरे. मी पुन्हा पुन्हा लिहिल्यावर एका माणसाने उत्तर दिलं. सभ्य भाषेत. तुम्ही गेम खरेदी केलेला नसून तो वापरण्याचं लायसन घेतलं होतं, आणि ते मागे घेण्याचा हक्क कंपनीकडे आहे. इंस्टॉल करताना ज्यावर मी 'मान्य' दाबलं होतं, त्यात ते लिहिलेलं होतं. मी बाबांना ते मराठीत सांगितलं.

बाबांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. "लायसन," ते म्हणाले. "म्हंजे हेबी लायसन गेलं म्हन ना माहं."

शेवटच्या दिवशी काका मुद्दाम आंबागडहून आला. नोटिशीत फक्त तारीख होती. आम्हाला वाटलं, दिवसभर तरी चालेल. बाबांनी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, टायर पाहिले आणि लाकडाचा माल घेऊन निघाले. माल पोचवून गाडी यार्डात लावायची, असं त्यांनी ठरवलं होतं. रस्त्यावर त्या दिवशी खूप गाड्या होत्या. सगळे हॉर्न देत होते. बाबा लाइट मारत होते. अधूनमधून पडद्याच्या कोपऱ्यात दुसऱ्या भागाची जाहिरात यायची आणि काका तिला हाताने झटकायचा, माशी हाकलावी तसं.

घाट अर्धा चढून झाला होता. गेममध्ये संध्याकाळ झाली होती. वळणावर पडदा काळा झाला. कनेक्शन तुटलं. मी राउटर पाहिला, वायर पाहिली. तेव्हा आमच्याकडे दुपारच्या जेवणाची ताटं वाढायची वेळ होती. कंपनीच्या देशात कोणाची तरी ड्युटी संपली असेल, त्याने बटन दाबलं असेल.

"काय झालं वं?" बाबांनी विचारलं.

"संपलं बाबा."

"माल नाई उतरवला अजून."

आईने त्या दिवशी काही टोमणा मारला नाही. तिने स्टिअरिंगवर एक जुना टॉवेल टाकला.

पुढचे कित्येक दिवस बाबा मधेच विचारायचे, "मी लाइट लावले होते का? पार्किंगचे?" मी म्हणायची, लावले होते. "नाई लावले," ते म्हणायचे. "अंधार पडून राहिला होता. वळणावर उभी हाये गाडी. मागून कोनी ठोकंन." भरलेली गाडी घाटात सोडून ते कधी आले नव्हते. गेम होता हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

फोरमवरच्या काही लोकांनी सर्व्हरशिवाय चालणारी आवृत्ती तयार केली. मी ती उतरवून घेणार तोच त्यांना कंपनीच्या वकिलांची नोटीस गेली आणि ती आवृत्ती काढली गेली. ज्या वस्तूची कंपनीला गरज नव्हती, तीही कोणाकडे राहू द्यायची नव्हती. दुसऱ्या भागासाठी दर महिन्याचं वर्गणीचं पॅकेज आहे, आणि आमचं जुनं स्टिअरिंग त्याला चालत नाही. मी तरी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मले नाई पाह्यजे. पुन्हा हिसकतीन."

मागच्या महिन्यात कोंढा गावची एक बाई दुकानात कन्सोल दाखवायला घेऊन आली. नवऱ्याच्या वाढदिवसाला तोच दुसरा भाग घ्यायचा आहे, चालेल का, असं तिने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, डिस्क, लायसन, घाट. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "पण ताई, सगळे तेच खेळून राहिले ना आता," ती म्हणाली. मी कन्सोल तपासून दिला. चालेल, म्हणाले.

बाबा आता पुन्हा दारात बसतात. परवा त्यांनी अचानक विचारलं, "त्या कंपनीवाल्यायनं कधी गाडी चालवली असंन का?"

"नाही बाबा."

"मंग त्यायले कसं समजंन," असं म्हणून त्यांनी गोळ्यांसाठी पाणी मागितलं.

मी पाणी आणून दिलं, त्यांची समजूत मोडली नाही. कंपनीला सगळं समजत होतं. कोण माणूस किती वेळ बसतो, कुठे थांबून चहा पितो, कोणत्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा जातो, याची नोंद तो गेम रोज त्यांना पाठवत होता. कुलूप घाटालाच लावायचं, हे त्यांनी त्यावरूनच ठरवलं होतं.