हौदातले मासे आणि शेजारचा रंगारी

सोलापूरच्या आरोग्य खात्यात मी इन्स्पेक्टर होतो, तेव्हाची ही गोष्ट. पन्नाशी आली तरी मनातून जात नाही.

हिवतापाचे डास आवरावेत म्हणून विणकरांच्या पेठेतल्या उघड्या हौदात आम्ही बोटभर लांबीचे मासे सोडले होते. डासांच्या अळ्या ते खातात. चैत्रातल्या एका दुपारी ते सगळे पोट वर करून तरंगताना दिसले. हौदाला लागूनच एका तेलुगू रंगाऱ्याचा रंगखाना होता. कोपरापर्यंत लाल झालेले त्याचे हात पाहिले आणि मी मनात निकाल देऊन टाकला.

"रंगाचं पाणी गटारात जातं साहेब, हौदात थेंब नाही," तो म्हणाला. इतका शांत बोलतो म्हणजे उत्तर तयारच ठेवले असणार, असे मला वाटले. चार दिवस मी समोरच्या ओट्यावर पाळत ठेवून बसलो. तो बादली घेऊन उठला की मी उठे. काही सापडेना, तसा संशय वाढतच गेला. शेवटी, मासे यानेच मारले म्हणत, शेजाऱ्यांदेखत त्याला हौदाचे पाणी बंद केले. दुसऱ्या दिवसापासून पेठेने त्याच्याकडे सूत रंगवायला देणे सोडले.

त्याची भट्टी विझली. मी नवे मासे सोडले. तिसऱ्या दुपारी तेही मेले.

मासे आणून देणारा म्हातारा भोई तिथेच होता. "सायेब, जरा हात घालून बघा की."

उन्हाने पाणी चांगलेच कढत झाले होते.

"ही खोल हिरीतली मासळी, गारव्यात वाढलेली. तिला हे कसं सोसायचं? वढ्याच्या डबक्यातली आणतो म्हणत हुतो. ती उन्हाळाभर असल्याच पाण्यात जगती. तुमीच म्हनला, घाण हाय ती."

"मग आता आण."

"कुठनं आणू? डबकी तुमीच बुजवली न्हाय का!"

डासांच्या भीतीने बुजवली होती, आत काय जगते आहे हे न पाहता.

मी रंगाऱ्याकडे गेलो. पाणी घ्यायला हरकत नाही, म्हणालो. तो उंबऱ्यातून हलला नाही. "चार माणसांत बोलला होता साहेब. आता चार माणसांतच परत बोला."

"बघू," म्हणून मी सायकलवर टांग टाकली.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, बाभळीखाली, एक डबके चुकून राहिले होते. ते मी बुजवू दिले नाही. पुढच्या चैत्रात तिथलेच मासे हौदात सोडले आणि ते जगले. रंगाऱ्याच्या दाराला तोवर कुलूप लागले होते. पाणी भरणारी एक बाई कौतुकाने म्हणाली, "विष घालणाऱ्याला हाकललंत, आता बघा मासे कसे पळतात!"

मी तेव्हाही सायकलवर टांग टाकली.