टँकरच्या पाण्याचा थेंब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

दुष्काळाचं साल होतं. आमचं कॉलेज साखर कारखान्याच्या मंडळींनी काढलेलं. त्या वर्षी मैदानावर कारखान्याची चारा छावणी होती आणि आम्ही प्राध्यापक पाळीपाळीनं गुरांना पेंढ्या टाकायचो. फिजिक्सला आम्ही दोघंच. मी विभागप्रमुख, आणि सुमन — ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, वसतिगृहात राहून शिकलेली. माझ्यापेक्षा हुशार. हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, आणि तेच खुपत होतं.

तिला स्टोकॅस्टिक मेकॅनिक्सवर, म्हणजे कणांच्या सैरभैर हालचालीच्या गणितावर, संशोधन करायचं होतं. एकदा तिनं टँकरच्या गढूळ पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला बोलावलं. मातीचे बारीक कण थरथरत होते — पाण्याचे न दिसणारे रेणू त्यांना धडका देतात म्हणून. इलेक्ट्रॉनही असाच सैरभैर हिंडतो असं धरलं, तर पुंजवादाचं मूळ समीकरण त्यातूनच निघतं, ती म्हणाली. फरक एकच. पाणी कणाला अडवतं, त्याचा वेग खातं. इथं तसं अडवणारं काही धरायचं नाही, नाहीतर अणू टिकणारच नाही. मला पटलं. इतकं सुंदर काही मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि मनात काय आलं? — हे मला का नाही सुचलं.

अभ्यासरजेसाठी तिला संस्थेच्या मंडळापुढे बोलावं लागलं. तिनं तोच थेंब समजावून सांगितला. चेअरमन माझ्याकडे वळले. "सर, बाई म्हनत्यात त्ये खरं हाय का हो?"

त्यांना रजा द्यायचीच नव्हती, माझ्यावर दबाव होता — असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही नव्हतं. मी आपणहून म्हणालो, पाण्यातला कण दमतो, मग इलेक्ट्रॉनही दमेल, अणू ढासळेल. पायाच कच्चा आहे. सगळे हसले. सुमन माझ्याकडे बघत राहिली. "सर, त्ये तर मी तुमाला..." एवढंच म्हणाली आणि थांबली. माझी लाज राखली तिनं. चारचौघांत, माझी!

रजा गेली. पण मी सांगायला बसलोय ते हे नाही — ते पुढचं आहे.

संध्याकाळी छावणीत ती माझ्याजवळ आली. "सर, माजंच कायतरी चुकलं का? खरं सांगा."

अजूनही सावरता आलं असतं. आजूबाजूला गुरांशिवाय कुणी नव्हतं. मी पेंढी सोडत म्हणालो, "हो. त्या दिवशी मीही फसलो होतो. नंतर गणित करून पाहिलं. मुळातच चुकलंय."

मी कसलंही गणित केलं नव्हतं.

तिनं ते खरं मानलं. पुन्हा तो विषय काढला नाही. वर्गात थरथरणाऱ्या कणांचा धडा मात्र ती जीव ओतून शिकवायची, आणि पोरांनी पुढचं विचारलं की म्हणायची, त्ये सरांना विचारा, माजं त्यात चुकलं होतं. पोरं यायची. मी दुसरंच काहीतरी बोलायचो.

सुमन गेल्या उन्हाळ्यात वारली. तिचं काहीही चुकलं नव्हतं.